पतीचरित्र आणि विधवेचे लेखन : तीन उदाहरणे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सुधारणावादी लेखनात 'विधवा' हा चर्चेचा मध्यवर्ती विषय होता. परंतु ज्यांनी ही चर्चा चालविली त्यांच्या निधनानंतर त्यांच्या स्वतःच्या विधवांकडे समाजाने कोणत्या दृष्टीने पाहिले, हा प्रश्न आपल्या अभ्यासात क्वचितच विचारला जातो. प्रसिद्ध पुरुषाची विधवा सर्वसामान्य विधवेप्रमाणे दुर्लक्षित राहत नसे. तिला मान मिळे. मात्र तो पतीच्या स्मृतीची रक्षणकर्ती म्हणून मिळे. या अपेक्षेचा तिच्या लेखनावर काय परिणाम झाला, एवढाच मुद्दा येथे विचारात घ्यावयाचा आहे.

प्रथम निर्वाहाचा प्रश्न. त्या काळच्या हिंदू कायद्यानुसार मुलगा असलेल्या विधवेला एकत्र कुटुंबात पोटगीपलीकडे फारसा हक्क नव्हता. मुलांबरोबर वाटा मिळण्याची तरतूद 1937 च्या कायद्याने झाली. त्यामुळे पतीने हयातीत काय करून ठेवले, यावर पुष्कळसे अवलंबून असे. जोतीराव फुल्यांनी 1887 मध्ये मृत्युपत्र केले ते याच जाणिवेने. तरीही 1890 मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेत दत्तकपुत्र यशवंताच्या अधिकाराला भाऊबंदांनी हरकत घेतलीच, आणि सावित्रीबाईंनी टिटवे स्वतः हाती धरले. पुढे 1893 मध्ये सासवड येथील सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्यांच्या नावावर असलेले 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' हे काव्य मात्र जोतीरावांचे चरित्रच आहे.

रमाबाई रानड्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. 1901 च्या जानेवारीत न्यायमूर्ती रानडे निवर्तले तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या. हायकोर्टाच्या न्यायाधीशाच्या या निपुत्रिक पत्नीपुढे अन्नवस्त्राचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो सार्वजनिक वावराचा. आरंभीचा काळ त्यांनी घराबाहेर न पडता काढला. पुढे येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांना त्या भेटू लागल्या, आणि 1909 पासून पुण्याचे सेवासदन हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' प्रसिद्ध झाल्या 1910 मध्ये, म्हणजे या कार्याच्या ऐन उभारणीत. गोखल्यांची प्रस्तावना लाभलेले हे पुस्तक रानड्यांच्या मृत्यूपाशी थांबते. मधल्या नऊ वर्षांना त्यात स्थान नाही. शीर्षकातील 'आमच्या' हे अनेकवचन आपण दांपत्यभावाचे द्योतक म्हणून वर्गात सांगतो, व ते चूक नाही. परंतु 'माझ्या' असे म्हणण्याची सोय त्या लेखिकेला कितपत होती, हेही विद्यार्थ्यांना विचारावयास हवे. पतीच्या आठवणी लिहिणे हा विधवेच्या लेखणीला मिळालेला निर्वेध परवाना होता. रमाबाईंनी त्याचा उपयोग करून घेतला: सासरच्या बायकांचा जाच, इंग्रजी शिकताना झालेला मनस्ताप, हे सारे पतिभक्तीच्या आवरणाखाली छापले गेले. रानड्यांच्या चरित्राचे साधन म्हणूनच हे पुस्तक वाचणारे अभ्यासक नेमका हाच भाग वगळतात.

लक्ष्मीबाई टिळकांची स्थिती निराळी होती. 1919 मध्ये रेव्हरंड टिळक गेले तेव्हा त्या ख्रिस्ती समाजात होत्या आणि मागे संपत्ती अशी नव्हती. त्या नोकरी करतात, मुलाबरोबर कराचीस जातात, आणि हे सर्व 'स्मृतिचित्रे'त (1934-36) येते. येथे पतीच्या मृत्यूनंतरही निवेदन चालू राहते, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे पतीची विक्षिप्त उदारता, संसाराकडील दुर्लक्ष यांना हसण्याचा अधिकार निवेदिका स्वतःकडे घेते. पण त्याच लक्ष्मीबाईंनी टिळकांनी दहा-अकरा अध्यायांवर सोडलेले 'ख्रिस्तायन' साठांहून अधिक अध्याय रचून पुरे केले. या रचनेचे स्वतंत्र काव्य म्हणून मूल्यमापन आजवर फारसे झालेले नाही. ती पतीच्या अपूर्ण कार्याची पूर्ती म्हणूनच बहुधा उल्लेखिली जाते.