पडवीतील सायकली

सिल्वासा येथे जून ते सप्टेंबर पाऊस मुक्कामालाच असतो. अशाच एका पहाटे आम्ही एका आजाऱ्याच्या भेटीस गेलो असता पडवीत चार सायकली एकमेकींवर कोसळलेल्या दिसल्या. पहिल्या पाळीस निघालेल्या घरधन्याची सायकल नेमकी तळाशी! कारखान्यात उशीर झाला की मजुरीला कात्री लागते.

उपाय सोपा आहे. सायकलीची लांबी सुमारे ६ फूट, हँडलाची रुंदी सुमारे २ फूट. एकीचे तोंड भिंतीकडे, दुसरीचे बाहेर, अशा आलटूनपालटून लावल्यास हँडले अडकत नाहीत. क्वचित लागणारी सायकल भिंतीतील मजबूत आकड्यास टांगावी. भिजलेली साखळी पुसून तेलाचे थेंब सोडावेत, म्हणजे गंज चढत नाही.

आणि वाचकहो, जो प्रथम निघतो त्याची सायकल दाराशी असावी. दुसऱ्याची वाट मोकळी ठेवणे, हाही कुटुंबधर्मच नव्हे काय?