काटोल येथील उल्कापाषाण व त्याचें वर्गीकरण

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत आकाशांतून पडणाऱ्या तेजांचे धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् व तारा असे पांच प्रकार सांगितले आहेत. मोठा नाद करीत, चक्रवत् फिरत येऊन भूमि विदारणारी ती अशनि. हे भेद रूप, नाद व फल यांवरून केलेले आहेत. पडलेल्या पाषाणाच्या अंतरंगाचा विचार त्यांत नाहीं. आधुनिक वर्गीकरणाचा आरंभ तेथूनच होतो.

नागपूर जिल्ह्यांतील काटोल परिसरांत २२ मे २०१२ रोजीं दुपारीं दोनच्या सुमारास गडगडाटासह अशी पाषाणवृष्टि झाली. तीसांहून अधिक तुकडे सांपडले. एकूण वजन सुमारें १३ किलो भरलें. परीक्षणान्तीं हा पाषाण ‘एल-६’ वर्गाचा कॉन्ड्राइट ठरला. ‘एल’ म्हणजे सजातीय पाषाणांच्या मानानें लोहाचा अंश कमी. कॉन्ड्राइटांत खनिजांचे जे सूक्ष्म गोलक असतात, ते मूळ पिंडाच्या दीर्घ उष्णतेनें अस्पष्ट झाले, हें ‘६’ या अंकानें कळतें. पुढें २०२१ मध्यें यांतच ब्रिजमनाइट आढळल्याचें प्रसिद्ध झालें. भूगर्भांत विपुल असूनही पृष्ठभागीं न टिकणारें हें खनिज अवकाशांतील आघाताच्या प्रचंड दाबानें येथें निर्माण झालें होतें.

आमच्या भंडारा जिल्ह्यांत मात्र सावधगिरी हवी. डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजचा धातुपाषाणही काळा व जड असतो. तेवढ्यावरून त्यास उल्का म्हणतां येत नाहीं. खऱ्या उल्कापाषाणावर वितळून झालेली पातळ काळी त्वचा असते, आंतील भाग बहुधा करडा असतो व लोहचुंबक त्यास ओढतो. तरीही अंतिम निर्णय सूक्ष्मदर्शकाखालींच होतो.

संग्राहकांस एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. जालंदर प्रांतीं १६२१ मध्यें पडलेल्या लोहपिंडाचें वजन १६० तोळे होतें, हें जहांगीर बादशहानें आत्मचरित्रांत नोंदविलें. परंतु त्या लोहांत साधें लोह मिसळून तलवारी घडविल्या. वृत्तान्त उरला, वस्तु गेली. उलट, कित्येक देवळांत वा वाड्यांत पडून असलेल्या काळ्या दगडांस, पुष्पिका फाटलेल्या पोथीप्रमाणें, ना काळ ना स्थळ. म्हणून कोणाच्या दफ्तरांत, पंचांगाच्या समासांत वा खाजगी रोजनिशींत आकाशांतून दगड पडल्याची नोंद असल्यास तिथि, वार, गांव व मूळ शब्द यांसह ती त्रैमासिकाकडे पाठवावी. दगड हातीं असल्यास तो धुऊं वा फोडूं नये. सांपडलेली जागा लिहून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयास कळवावें.