मास्टरांच्या कमरेचं माप

कर्वेनगरच्या मुख्य रस्त्यावरून आत वळलं की एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर लेडीज टेलरचं छोटं दुकान आहे. दोन मशिनी, एक कटिंगचं टेबल, भिंतीला तयार ब्लाउजांच्या पिशव्या आणि गळ्यात इंचपट्टी घातलेले मास्टर. त्यांचं नाव फार कमी गिऱ्हाइकांना माहीत असेल. कॉलेजच्या मुली, त्यांच्या आया, पेन्शनीतल्या काकू, सगळ्यांसाठी ते मास्टरच. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं, पुण्यात येऊन तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांनी हजारो लोकांच्या कमरेची मापं घेतली, आपल्या स्वतःच्या कमरेचं मात्र एकदाही घेतलं नव्हतं. ते घ्यायची वेळ गेल्या आषाढात आली.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. सुईत दोरा जाईना. वय बावन्न, म्हणून त्यांनी चष्म्याचा नंबर बदलून घेतला. महिनाभरात पुन्हा धूसर दिसायला लागलं, पुन्हा दुकान गाठलं. चष्मेवाला अनुभवी होता. नंबर असा महिन्या-महिन्याला हलत असेल तर आधी रक्तातली साखर तपासा, असं त्यानं सांगितलं. साखर वाढली की डोळ्यातल्या भिंगात पाण्याचं प्रमाण बदलतं आणि नजर वरखाली होते. हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि कपाटात चष्मे साठत जातात. मास्टरांची उपाशीपोटीची साखर १६८ निघाली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ८.४ आली. ती ६.५ किंवा त्याहून जास्त असली तर मधुमेह धरतात.

‘मी तर बारीक आहे, मला शुगर कशी?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. खांदे उतरलेले, हातपाय काटकुळे, वजन ६८ किलो. त्यांना जाड म्हणायला कोणी धजलं नसतं. डॉक्टरांनी त्यांच्याच गळ्यातली इंचपट्टी मागून घेतली आणि बेंबीच्या पातळीवर धरली. साडेसदतीस इंच. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या आत असावी. बाईची ८०च्या, म्हणजे साडेएकतीसच्या आत. उंचीच्या हिशेबात मास्टरांचा बीएमआय २५.६ होता. परदेशी तक्त्यात तो जेमतेम ‘जास्त वजन’ या रकान्यात बसतो, भारतीयांसाठी मात्र २३ पासूनच सावध व्हावं आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरावा, असं इथल्या तज्ज्ञांनी ठरवलेलं आहे.

या कोड्याचा उलगडा पुण्यातच झालेला आहे, हे पुणेकरांनाही फारसं ठाऊक नसतं. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघं शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबीदार. याची मुळं कुठे आहेत हे शोधायला याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू केला होता. या गावांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं लहान, पण त्यांच्या अंगावरचा मेद मात्र वजनाच्या मानानं कमी झालेला नव्हता. कमी पडले होते ते स्नायू. म्हणजे मास्टरांची गोष्ट बिर्याणीपासून सुरू होत नाही, त्यांच्या आईच्या पोटापासून सुरू होते. पुढे तीस वर्षं मशिनीवर बसून आणि दिवसाकाठी सात-आठ कप गोड चहा पिऊन त्यांनी त्यात भर घातली, ती वेगळी.

भारतात आज मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींच्या वर आहे, असं आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निघालं. त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाकडे एक उपाय तयार होता. कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड. त्यातल्या त्यात जरा विचार करण्यासारखी गोष्ट होती ती डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळा जेवण्याची. डॉ. श्रीकांत जिचकारांकडून आलेली ही कल्पना कर्वेनगर-कोथरूडच्या बहुतेक सोसायट्यांत कोणी ना कोणी पाळतंच. ‘मास्टर, तुमचा रोजा म्हणजे दीक्षितच की!’ असं एक ताई म्हणाल्या. दोन जेवणांचं साम्य आहे खरं. पण रोजात दिवसभर पाण्याचा थेंबही नसतो आणि साखर खाली आणणाऱ्या गोळ्या पोटात असतात, त्यामुळे हिशेब बदलतो.

वजनाचं मात्र डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सहा-सात किलो उतरवा, म्हणजे निम्मं काम झालं. यामागे आधार आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि स्कॉटलंडमधले माइक लीन यांनी सहा वर्षांच्या आतला टाइप टू मधुमेह असलेल्या ३०६ जणांवर एक चाचणी केली. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. बाकीच्यांच्या गोळ्या थांबवून त्यांना काही महिने दिवसाला जेमतेम साडेआठशे कॅलरीवर ठेवलं. वर्षभरानं या दुसऱ्या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. पंधरा किलो किंवा जास्त घटवलेल्यांत तर हे प्रमाण ८६ टक्के निघालं. यकृत आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी उतरली की इन्सुलिनचं काम सुधारतं, असं टेलर यांचं म्हणणं आहे. यात पुन्हा वजन वाढलं तर साखरही परत येते. दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले होते.

मास्टरांनी असलं कडक काही केलं नाही, त्यांना ते झेपलंही नसतं. चहातली साखर गेली, हे सगळ्यात अवघड. कारण गिऱ्हाईक आलं की चहा येतो आणि नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. पाव आणि खारी गेली. दोन्ही वेळची भाताची परात जाऊन दुपारी ज्वारीची भाकरी, मटकी नाहीतर मुगाची उसळ, कोशिंबीर आणि आठवड्यातून तीनदा अंडी किंवा मासे आले. मटण राहिलं, त्याच्या रश्श्यात बुडवायचा पाव राहिला नाही. आणि चालणं. पहाटेच्या नमाजनंतर ते वनदेवीच्या टेकडीकडे जाऊ लागले. कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. महर्षी कर्वे फर्ग्युसनमधली शिकवणी आटोपून आश्रमासाठी रोज याच हिंगण्याला चालत यायचे आणि १०४ वर्षं जगले, हे टेकडीवरच्या मंडळातले एक आजोबा नव्या माणसाला हमखास ऐकवतात.

रजब महिना आला तेव्हा वजन साडेएकसष्ट होतं, कंबर पस्तीस आणि एचबीए१सी ६.७. आता प्रश्न रमजानचा होता.

या घरात तो साधा प्रश्न नव्हता. मास्टरांच्या वडिलांनी मधुमेह असताना शेवटपर्यंत तीसच्या तीस रोजे धरले. गावात आजही ते अभिमानानं सांगितलं जातं. शेवटची दोन वर्षं त्यांची किडनी चालत नव्हती, हे सांगताना आवाज खाली येतो. दोन्ही गोष्टी मास्टरांनी एकाच वयात ऐकलेल्या. कुराणात सूरह बकराहमध्ये आजारी आणि प्रवासी माणसाला रोजातून सूट आहे. राहिलेले रोजे नंतर धरावेत, आणि ज्याला ते कधीच शक्य नाही त्यानं दर रोजामागे एका गरिबाला जेवू घालावं, ज्याला फिदया म्हणतात. हे सगळ्यांना पाठ असतं. सूट आपल्यासाठी आहे, हे मान्य करताना मात्र माणूस अडतो. तेरा मुस्लिम देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत टाइप टू मधुमेहाच्या ७९ टक्के लोकांनी रमजानात किमान पंधरा रोजे धरल्याचं सांगितलं होतं. याच पाहणीत, साखर धोकादायक पातळीला उतरण्याचे प्रसंग एरवीच्या महिन्यांपेक्षा रमजानात साडेसात पटींनी वाढलेले दिसले आणि साखर फार चढण्याचे पाच पटींनी.

मास्टरांनी एक शहाणपणाचं काम केलं. ते रमजानच्या आदल्या दिवशी नव्हे, सहा आठवडे आधी डॉक्टरांकडे गेले. इन्सुलिनच्या दिवसातून अनेक सुया घेणारे, किडनीचा आजार असणारे, गरोदर बायका, नुकतीच साखर एकदम उतरून गेलेली माणसं, यांना डॉक्टर सरळ नाही म्हणतात. मास्टर त्यांत बसत नव्हते. त्यांची मेटफॉर्मिन सहरी आणि इफ्तारला विभागली, साखर उतरवणारी दुसरी गोळी निम्मी करून इफ्तारला नेली. प्रत्येकाचं गणित निराळं असतं, त्यामुळे मास्टरांची चिठ्ठी दुसऱ्या कोणी वापरण्यात अर्थ नाही. दोन आकडे मात्र सगळ्यांना सारखे: साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर रोजा तिथेच सोडायचा. इफ्तारला किती वेळ उरला आहे ते बघायचं नाही. बोटाला टोचून रक्त तपासल्यानं रोजा तुटत नाही, हे मौलानांनीही त्यांना सांगितलं.

पहिले आठ दिवस बरे गेले. खरी परीक्षा उपाशी राहण्याची नसते, मगरीबच्या अजाननंतरची असते. रमजानात वजन वाढलेली माणसं मोहल्ल्या-मोहल्ल्यात सापडतात. मोमिनपुऱ्यातून संध्याकाळी एक फेरी मारली की कारण कळतं. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यांनी केली त्यांना इफ्तारचं ताटही समजलं असतं. साबुदाण्याच्या जागी समोसा ठेवला की झालं. मास्टरांच्या घरी एक खजूर, पाणी, ताक, उकडलेल्या चण्याची चाट आणि पपईच्या फोडी असा इफ्तार ठरला. लहान खजुरातही चमचाभर साखर असते, म्हणून एकच. नमाज पढून आल्यावर जेवण. तरावीहच्या वीस रकात हाच रात्रीचा व्यायाम. मुलांसाठी भजी तळली जात, आणि घरच्यांनी ती मास्टरांपासून दूर ठेवली तरी वास दूर ठेवता येत नव्हता.

नवव्या रोजाला गजर वाजला नाही. सहरी चुकली. मास्टर उठले तेव्हा वेळ संपून गेली होती. एरवी अशा दिवशी त्यांनी विचार केला असता, पण दुकानात ईदचे सलवार-कमीज आणि पाडव्याचे ब्लाउज एकाच वेळी अंगावर आलेले. दुपारी अस्तर आणायला ते वारज्यापर्यंत पायी जाऊन आले.

संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास एक निवृत्त शिक्षिका ब्लाउज न्यायला आल्या. मास्टर कापड कापत होते आणि कात्री रेषेवर राहत नव्हती. कपाळावर घाम, पंखा सुरू असताना.

‘मास्टर, काय होतंय?’

‘काही नाही काकू. रोजा आहे.’

काकूंना स्वतःला अठरा वर्षांचा मधुमेह. त्या खुर्चीवरून उठल्या. ‘मशीन कुठाय तुमचं? आधी ते लावा.’

ग्लुकोमीटरवर ६४ आले. घड्याळात पाच पन्नास. इफ्तारला पाऊण तास होता. काकूंच्या पर्समध्ये खडीसाखरेची पुडी असते. ती त्यांनी काढली, पण पुढे केली नाही. हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मास्टरांच्या रोजाचा निर्णय आपण कसा घ्यायचा, असं त्यांना वाटलं, हे त्यांनी नंतर सांगितलं. मास्टर घड्याळाकडे बघत होते. वडिलांनी असे किती पाऊण तास काढले असतील, हे त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनी मुलाला हाक मारली, पाणी मागितलं आणि त्यात तीन चमचे साखर घालून पिऊन टाकलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं. ८८.

त्या पंधरा मिनिटांत दोघंही बोलले नाहीत. नंतर काकू म्हणाल्या, ‘माझ्यामुळे मोडला का हो तुमचा रोजा?’

‘तुम्ही नसता आलात तर मी मशीन लावलंच नसतं,’ मास्टर म्हणाले.

घरी सांगायचं धाडस मात्र रात्रीपर्यंत झालं नाही. अम्मी शहात्तर वर्षांच्या. तरावीहनंतर मास्टर त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं. अम्मींनी ऐकून घेतलं. ‘कजा ठेवशील ना ईदनंतर?’ एवढंच विचारलं. ‘हो,’ म्हटल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली आणि उद्यापासून सहरीला आपण उठवणार, गजराचं काही खरं नाही, असं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती निम्मी केलेली गोळी पूर्ण बंद केली. वजन उतरल्यावर तिची गरजच उरली नव्हती. आता फक्त मेटफॉर्मिन आहे. सहरीला भाकरी, उसळ, दही आणि एक अंडं, तेही शेवटच्या दहा मिनिटांत, म्हणजे दिवस लांबत नाही. दुकानात दुपारी दोनला आणि साडेचारला बोटाला टोचणं ठरलेलं आहे, आणि त्या वेळा मुलानं कटिंगच्या टेबलावर खडूनं लिहून ठेवल्यात.

काकूंचा ब्लाउज त्या दिवशी राहिलाच होता. तो न्यायला त्या परवा आल्या तेव्हा कमरेला अर्धा इंच सैल निघाला. मास्टरांनी इंचपट्टी लावून पुन्हा माप घेतलं. काकूंनी ते वहीत लिहायला सांगितलं, आणि त्याखाली मास्टरांचंही.