रिपोर्ट नॉर्मल, तरी बरं नाही
मनाची तब्येत : भाग ४

रोजचा ताण आणि मनाचा आजार यांतला फरक आपण मागच्या भागात पाहिला. आता त्यापुढचा प्रश्न : मनावरचा भार पेलवेनासा झालाय, हे ओळखायचं कसं? मन थकलं की उदास वाटेल, रडू येईल, आपोआप कळेल, अशी आपली समजूत असते. पण मनाची तक्रार बऱ्याचदा आधी अंगावर उमटते. ती ओळखायला उशीर होतो तो त्यामुळेच.

कुठल्याही फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात दिसणारं हे चित्र पाहा. चाळिशीची बाई, बरोबर नवरा. डोकं जड असतं, पाठ धरलीय, छातीत धडधडतं, हातापायांना मुंग्या येतात. रक्त, शुगर, थायरॉइड, ईसीजी सगळं करून होतं. रिपोर्ट नॉर्मल. "तुला काही झालेलं नाही," म्हणत नवरा पिशवी उचलतो आणि विषय मिटतो. दुखणं मात्र जिथल्या तिथे. डॉक्टरांनी तिला बसवून घेतलं आणि झोपेचं विचारलं, तर कळतं की कित्येक आठवडे पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. ताटावर बसते, पण घास उतरत नाही. भजनी मंडळ कधी चुकवत नसे. दिवाळीपासून तिकडे फिरकलेली नाही.

तिचं दुखणं खरं आहे, नाटक नाही. ताण हटत नाही तोवर मेंदू शरीराला सावध राहायला सांगत राहतो. अॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वारंवार वाढतात. छाती धडधडते, मानेचे-पाठीचे स्नायू आखडतात, पोट बिघडतं, झोप तुटते. संकट टळल्यावर ही यंत्रणा शांत व्हायला हवी. कर्ज, आजारपण, घरातली भांडणं महिनोन्‌महिने चालली, की तिला उसंतच मिळत नाही.

म्हणून स्वतःला शेजाऱ्याशी ताडून पाहू नका, कालच्या स्वतःशी ताडून पाहा. मुळातच कमी बोलणारा माणूस गप्प असला तर काळजीचं कारण नाही. गप्पिष्ट माणूस फोन उचलेनासा झाला तर आहे. झोप, भूक, कामातलं लक्ष, आवडीच्या गोष्टी आणि माणसांत मिसळणं, या पाच ठिकाणी काय बदललं ते बघा. पुरुषांमध्ये उदासीऐवजी चिडचिड पुढे येते, दारूचं प्रमाण वाढतं. शाळकरी मुलांचं शाळेच्या वेळेलाच पोट दुखू लागतं.

पुढचे दोन प्रश्न डॉक्टरही चाचपणीसाठी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत, बऱ्याच दिवशी, कशातच रस वाटला नाही, असं झालं का? खिन्न किंवा हताश वाटलं का? एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर डॉक्टरांशी बोलायला हवं. यातून निदान होत नाही, पण पुढे तपासणीची गरज आहे एवढं नक्की कळतं. शारीरिक तपासण्याही टाळू नका. थायरॉइडची कमतरता, रक्त कमी असणं, बी-१२ कमी होणं यांनीही असाच थकवा येतो.

विचारपूस झाली की किती फरक पडतो, हे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत दिसलं. 'विश्राम' प्रकल्पाच्या सुरुवातीला तिथे नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक उपचारांसाठी कुणाकडे गेले होते. प्रशिक्षण घेतलेले गावपातळीवरचे कार्यकर्ते लोकांशी या विषयावर बोलू लागले, समुपदेशन गावापर्यंत आलं, आणि दीडेक वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. माणसं मदत घ्यायला तयार होती. आपल्या त्रासाला उपचार आहेत, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

काही खुणा दिसल्या तर मात्र दोन आठवडे थांबायचं नाही. "मी नसले तर सगळे सुटतील" असं बोलणं, अचानक हिशेब मिटवणं, लाडक्या वस्तू देऊन टाकणं. अशा वेळी सरळ विचारा : जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटं सोडू नका. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध असतं. ते हाताशी राहणार नाही असं बघा. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका वाटला तर थेट जवळचं रुग्णालय गाठा.

रिपोर्ट नॉर्मल आले की आनंद जरूर माना, पण तेवढ्यावर उठू नका. घरातल्या माणसाला झोपेचं, जेवणाचं, आवडीच्या गोष्टींचं विचारा आणि उत्तर पुरतं ऐकून घ्या. "तुला काही झालेलं नाही" ऐकून गप्प बसलेली कितीतरी माणसं या तीन प्रश्नांनी बोलती होतील आणि वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचतील.

(पुढच्या भागात : समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ की मनोविकारतज्ज्ञ, कुणाकडे कधी जायचं?)