शिट्टी न देणारा कुकर आणि न शिजणारा राजमा

घरोघरच्या पाककृतींच्या वह्यांमध्ये कडधान्यापुढे वेळ क्वचितच लिहिलेली असते. तिथे शिट्ट्या लिहिलेल्या असतात. छोल्यांना सहा, चवळीला दोन, वरणाच्या डाळीला तीन. दोन-तीन पिढ्यांनी याच हिशेबावर निर्धास्त स्वयंपाक केला आणि लेकी-सुनांनाही तोच सांगितला. विजेवरचा प्रेशर कुकर घरात आला की पहिली अडचण इथे येते. हा कुकर शिट्टी देत नाही, मिनिटं मागतो. मग सहा शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं?

या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, कारण शिट्टीने वेळ मोजता येत नाही. आतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की वाफ वजन उचलते आणि बाहेर पडते, एवढंच शिट्टी सांगते. मोठ्या आचेवर शिट्ट्या भराभर होतात. बारीक आचेवर दोन शिट्ट्यांमध्ये पाच-सात मिनिटं सहज जातात. एका घरात सहा शिट्ट्या दहा मिनिटांत उरकतात, दुसऱ्या घरात त्यांना अर्धा तास लागतो. तरीही हिशेब जमायचा, कारण शेगडी तीच, कुकर तोच आणि हातही तोच असायचा. ज्या सुगरणी पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून घड्याळाकडे बघत, त्या मुळात मिनिटंच मोजत होत्या.

विजेच्या कुकरमध्ये हे घड्याळ आतच बसवलेलं असतं. तळाशी तापणारी तबकडी, तापमान आणि दाब ओळखणारी यंत्रणा आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी लहानशी चिप. पाणी उकळून वाफ साठली की झाकणातली छोटी पिन वर येते आणि झाकण कुलूपबंद होतं. त्यानंतरच मिनिटं मोजायला सुरुवात होते. भांडं किती भरलंय त्यावर या आधीच्या टप्प्याला दहा ते वीस मिनिटं लागतात. पटलावर 'वीस' लिहिलंय म्हणून वीस मिनिटांत जेवण मिळेल असं समजणाऱ्याची निराशा होते. चढण्याचा आणि उतरण्याचा वेळ धरून राजम्याला तासभर हाताशी ठेवावाच लागतो. त्या तासात मात्र ओट्यापाशी थांबावं लागत नाही.

आणखी एक फरक माहीत असायला हवा. शेगडीवरच्या भारतीय कुकरचं वजन साधारण दर चौरस सेंटीमीटरला एक किलो दाबावर उचललं जातं, आणि त्या दाबाला पाणी सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. घरगुती वापराचे बरेचसे विजेचे कुकर त्याहून थोड्या कमी दाबावर चालतात आणि आतलं तापमान ११५ ते ११८ अंशांच्या आसपास राहतं. चार-पाच अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण कडधान्याला ते जाणवतात. म्हणून विजेच्या कुकरमध्ये थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. उघड्या पातेल्यातल्या उकळीपेक्षा मात्र दोन्ही कितीतरी पुढे आहेत. महाबळेश्वरसारख्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळायला लागतं. तिथे उघड्या पातेल्यात छोले शिजवणाऱ्याला अर्धा दिवस वाट पाहायची तयारी ठेवावी लागेल.

वाफ कोंडून शिजवण्याची कल्पना साडेतीनशे वर्षांची आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ डेनी पापँ याने १६७९ मध्ये लंडनला असं भांडं बनवलं, आणि ते फुटू नये म्हणून त्याला वजनाची झडप बसवली. १६८२ मध्ये त्याने रॉयल सोसायटीच्या सदस्यांना या भांड्यात शिजवलेलं जेवण वाढलं. त्यातली हाडंसुद्धा खाण्याइतकी मऊ झाली होती. आपल्याकडे हॉकिन्ससारख्या कंपन्यांचे कुकर १९५९ नंतर घरोघर पोचले. विजेचा आजचा अवतार गाजला तो कॅनडात रॉबर्ट वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये बाजारात आणलेल्या 'इन्स्टंट पॉट'मुळे. परदेशातल्या भारतीय घरांनी तो फार लवकर आपलासा केला. टेक्ससमध्ये राहणाऱ्या उर्वशी पित्रे यांचं या कुकरमधल्या भारतीय स्वयंपाकाचं पुस्तक २०१७ मध्ये आलं. आता पुण्या-मुंबईच्या ओट्यांवरही हा कुकर मिक्सरशेजारी बसलेला दिसतो.

पण कुकर कितीही काटेकोर असला तरी आत पडणारा दाणा तसा नसतो. 'पंचवीस मिनिटं लावूनही राजमा कडकच राहिला' या तक्रारीत दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. तो दाण्याच्या वयात किंवा पाण्यात असतो.

कडधान्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. शिजताना हे पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि दाणा बोटांत दाबला की लोण्यासारखा दबतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे क्षार पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतात. दाणा उकाड्यात आणि दमट हवेत महिनोन्‌महिने पडून राहिला की त्याच्या आतच साठलेले हे क्षार मोकळे होतात, पेक्टिनला जाऊन मिळतात, आणि मग तो दाणा कितीही शिजवला तरी पुरता मऊ होत नाही. कोकणातल्या पावसाळ्यातून गेलेला, दोन वर्षं डब्यात राहिलेला राजमा न शिजण्याचं कारण हेच. यावर उपाय खरेदीच्या वेळीच करायचा: लागेल तेवढंच आणायचं, नवं आणायचं, आणि जुन्या डब्यात नवं ओतायचं नाही. दोन वयाचे दाणे एकत्र शिजवले की अर्ध्यांचा गाळ होतो आणि अर्धे दाताखाली येतात.

पाण्यातही हेच क्षार असतात. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही ही मराठवाड्यातली तक्रार जुनी आहे आणि अगदी खरी आहे. अशा घरात भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी वापरलं तर फरक त्याच दिवशी दिसतो. चिमूटभर खायचा सोडाही काम करतो, कारण सोड्याने पेक्टिन लवकर सुटतं. पण हात सैल सुटला तर चव साबणासारखी होते आणि ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. सोडा शेवटचा उपाय म्हणूनच ठेवावा.

मीठ मात्र सुरुवातीलाच घालावं. मिठाने कडधान्य शिजत नाही, ही समजूत इतकी पक्की आहे की तिला हात लावायलाही लोक धजत नाहीत. प्रत्यक्षात मिठातलं सोडियम दाण्याच्या सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. हॅरॉल्ड मॅक्गी या अमेरिकी लेखकाने स्वयंपाकाच्या विज्ञानावरच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात भिजवायच्या पाण्यात लिटरला १० ग्रॅम मीठ सुचवलं आहे. दोन लहान चमच्यांहून थोडंसं कमीच. सकाळी हे पाणी फेकून द्यायचं, दाणे धुवायचे, आणि शिजवताना नव्या पाण्यात चवीपुरतं मीठ घालायचं. साल फुटण्याचं प्रमाण कमी होतं आणि मीठ आतपर्यंत मुरतं. नुसत्या रश्शात मीठ घातलेल्या राजम्याला ही चव येत नाही.

भिजत घातलेल्या राजम्याकडे तासाभराने पाहिलं तर साल सुरकुतलेली दिसते. पाणी आधी सालीत शिरतं. दाणा शेंगेला जिथे चिकटलेला असतो त्या बारीक खुणेपासून ते आत पसरतं. साल फुगते, आतला दाणा अजून कोरडाच असतो, म्हणून सुरकुत्या. आठ तासांनी त्या जातात, दाणा टच्च भरतो आणि वजनाने जवळपास दुप्पट होतो. याच वेळी भांड्यात हात घालून एकदा ढवळावं. फुगलेल्या दाण्यांमध्ये काही जसेच्या तसे, खड्यासारखे कडक सापडतात आणि स्टीलवर वाजतात. हे गणंग. त्यांच्या सालीतून पाणी आत जातच नाही, आणि पंचवीस मिनिटं काय, चाळीस मिनिटं लावली तरी तेवढे दाणे मागे राहतात. मटकीत आणि मुगात ते जास्त सापडतात. वेचून टाकण्याखेरीज त्यांच्यावर इलाज नाही.

उन्हाळ्यात रात्रभर भिजवलेलं पाणी सकाळी आंबूस येतं. विदर्भात मे महिन्यात तर पाच-सहा तास पुरतात. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवावं. याच कारणाने, रात्री कुकरमध्येच दाणे भिजत घालून सकाळची वेळ लावून ठेवण्याची सोय उकाड्याच्या दिवसांत टाळलेली बरी.

आता मिनिटं. भिजवलेल्या चवळीला दाबाखाली सात-आठ मिनिटं पुरतात, पांढऱ्या वाटाण्याला बारा ते पंधरा, छोल्यांना वीस ते पंचवीस, राजम्याला पंचवीस ते तीस. अख्खा मसूर न भिजवताही दहा मिनिटांत होतो. न भिजवलेले छोले पाऊण तासाच्या पुढे जातात आणि तरी सगळे सारखे शिजतील याची खात्री नसते. गोव्याच्या तोणाकातले आळसांदे चवळीपेक्षा मोठे, म्हणून त्यांना थोडी मिनिटं वाढवून द्यावीत. हे आकडे पहिल्या वेळेपुरते. त्या गावच्या पाण्यात आणि त्या दुकानाच्या मालाला किती लागतात ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कळतं आणि वहीत लिहून ठेवता येतं.

पाणी शेगडीच्या कुकरपेक्षा कमी लागतं, कारण शिट्ट्यांबरोबर जाणारी वाफ इथे आतच राहते. भिजलेल्या दाण्यांवर बोटभर पाणी पुरे. भांडं मात्र निम्म्याच्या वर भरू नये. कडधान्याला फेस येतो, आणि तो फेस झडपेत गेला तर दाब अडतो. चमचाभर तेल घातलं की फेस दबतो. मिनिटं संपली की लगेच वाफ सोडण्याची घाई करू नये. दाब एकदम उतरला की दाण्याच्या आतलं पाणी तिथेच उकळतं आणि साली फुटतात. पिन आपोआप खाली पडेपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं हीसुद्धा शिजण्याचीच वेळ आहे. मध्येच वीज गेली तरी बंद झाकणाखाली दाणे काही वेळ शिजत राहतात, त्यामुळे घाबरून झाकणाशी झटापट करू नये.

आमसूल, चिंच, टोमॅटो आणि गूळ नंतर. आंबट पदार्थ पेक्टिनला विरघळू देत नाहीत आणि गुळाने दाणा आवळतो. आमटी-उसळीत आधी दाणा शिजवून मग आमसूल-गूळ घालण्याची जुनी रीत रसायनशास्त्रातही बरोबर बसते. विजेच्या कुकरमध्ये सगळं एकदम टाकून बटण दाबण्याचा मोह होतो, आणि इथेच उसळ फसते.

एका बाबतीत चव बाजूला ठेवून सावध राहायला हवं. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्च्या दाण्यांनीही काही तासांत उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. उकळत्या पाण्यात आणि दाबाखाली ते नष्ट होतं, पण ८० अंशांच्या आसपास रेंगाळलेला राजमा कच्च्याहून जास्त बाधू शकतो. अनेक विजेच्या कुकरवर मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचं एक बटण असतं. राजम्यासाठी ते वापरूच नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला असा आहे की राजमा निदान पाच तास भिजवावा, ते पाणी टाकावं आणि नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा हाही राजम्याच्याच जातीचा, तेव्हा त्यालाही हेच लागू आहे.

सगळंच या कुकरमध्ये घालावं असं मात्र नाही. मोड आलेली मटकी दाबाखाली दोन मिनिटांतही मेणचट होते, आणि मिसळीला मोडासकट अख्खा दाणा हवा. तिच्यासाठी त्याच भांड्यात परतण्याचं बटण लावावं, फोडणीवर मटकी परतावी, पाण्याचा हबका मारून साधं झाकण ठेवावं. अलिबागकडच्या कडव्या वालांचंही तसंच. भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलून केलेलं बिरडं यंत्राच्या मिनिटभराच्या चुकीने मोडून जावं, ही त्या मेहनतीची हानी आहे.

कुळथाला मात्र हा कुकर वरदान आहे. इतका चिवट दाणा क्वचितच असेल; रात्रभर भिजवूनही अर्धा तास लागतो. पाणी नेहमीपेक्षा जास्त, दाण्यांच्या दुप्पट-तिप्पट घालावं. दाब उतरल्यावर वरचं तांबूस पाणी गाळून घ्यायचं, त्याला तुपात जिरं-लसणाची फोडणी द्यायची, दोन आमसुलं आणि मीठ घालून एक उकळी आणायची की कढण तयार. खाली उरलेले दाणे कांद्या-खोबऱ्यावर परतले की दुपारच्या भाकरीबरोबरची उसळ होते.