डीओ कॉलेजांचे फॉर्म किती भरायचे? पाच, दहा की सगळेच?

गाडीत, जिममध्ये किंवा लायब्ररीत एक इयरफोन कानात घालून ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. आणि ज्यांना ऐकायला जमत नाही, म्हणून हे वाचताय, त्यांचंही.

आजचा विषय एका श्रोतीच्या व्हॉइस नोटवरून घेतलाय. ती म्हणते, "ताई, मी न्यू जर्सीत राहते. जीपीए ३.५५, एमकॅट ५०५. बाबा म्हणतात, सगळ्या डीओ कॉलेजांना फॉर्म टाक, कुठेतरी लागेलच. आई म्हणते, एवढे पैसे कशाला, चार-पाच पुरे. मी कुणाचं ऐकू?"

मी स्वतः डीओ कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. म्हणून एकदाच नीट, पायरीपायरीने बोलू.

आधी डीओ म्हणजे काय ते

गणपतीत भेटणाऱ्या काकूंसाठी हे पुन्हा सांगते. अमेरिकेत डॉक्टर व्हायचे दोन रस्ते आहेत, एमडी आणि डीओ. डीओ म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टियोपॅथिक मेडिसिन. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरने १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिल गावात याचं पहिलं कॉलेज काढलं. आज अशी ४० हून जास्त कॉलेजं आहेत आणि अमेरिकेत मेडिकल शिकणाऱ्या चार जणांमागे साधारण एक जण डीओ कॉलेजात असतो. औषधं लिहिणं, ऑपरेशन करणं, स्पेशालिस्ट होणं, हे सगळं डीओला करता येतं. २०२० पासून एमडी आणि डीओ दोघांच्या रेसिडेन्सीची मान्यताही एकाच व्यवस्थेखाली आली आहे. वेगळं काय, तर हाडं-स्नायू हातांनी तपासण्याचं आणि उपचार करण्याचं जादा प्रशिक्षण, आणि कॉमलेक्स नावाची वेगळी परीक्षा. बरेच जण तिच्यासोबत यूएसएमएलईसुद्धा देतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. युरोपात किंवा भारतात ज्यांना 'ऑस्टियोपॅथ' म्हणतात, ते बहुतेक वेळा हाताने उपचार करणारे थेरपिस्ट असतात. अमेरिकेतला डीओ पूर्ण डॉक्टर असतो. तेव्हा गूगल करून घाबरू नका. आणि पुण्या-नाशिकहून विचारणाऱ्यांनो, बारावीनंतर थेट इथे प्रवेश मिळत नाही. आधी पदवी लागते, मग एमकॅट.

"जितके जास्त, तितकं बरं" हे कितपत खरं?

बाबांचं गणित असं असतं. समजा, एका कॉलेजातून इंटरव्ह्यूला बोलावण्याची शक्यता १० टक्के आहे. हा आकडा मी फक्त समजावण्यासाठी धरलाय. मग ६ कॉलेजांत निदान एक बोलावणं येण्याची शक्यता ४७ टक्के. १० कॉलेजांत ६५ टक्के, १५ मध्ये ७९, २५ मध्ये ९३.

यात दोन गोष्टी दिसतात. पहिली, ६ वरून १० वर गेलात तर ४ फॉर्ममध्ये १८ टक्के वाढले. १५ वरून २५ वर गेलात तर १० फॉर्ममध्ये फक्त १४. म्हणजे पुढचा प्रत्येक फॉर्म आधीच्यापेक्षा कमी कामाचा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे गणित धरून चालतं की प्रत्येक कॉलेज म्हणजे नवीन नाणं उडवणं. तसं नसतं. सगळ्या कॉलेजांकडे जाणारा अर्ज एकच असतो. तुमचे क्लिनिकल तास कमी असतील तर ते पहिल्या कॉलेजालाही कमी वाटतील आणि पंचविसाव्यालाही. पर्सनल स्टेटमेंट गुळमुळीत असेल तर ते २५ वेळा गुळमुळीतच वाचलं जाईल. म्हणून फॉर्मची संख्या वाढवून नशिबाचा भाग कमी होतो, अर्जातला कच्चेपणा जात नाही.

पैशांचं सरळ गणित

डीओ कॉलेजांचे अर्ज आकोमास नावाच्या एकाच पोर्टलवरून जातात. पहिल्या कॉलेजाला साधारण २०० डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला साधारण ६०. मग कॉलेज 'सेकंडरी' पाठवतं, म्हणजे त्यांचे स्वतःचे निबंध आणि त्यांची वेगळी फी. ती बहुधा ५० ते १५० च्या मधे असते. आपण सरासरी ८० धरू.

५ कॉलेजं: साधारण ८४० डॉलर.
१० कॉलेजं: साधारण १,५४०.
१५ कॉलेजं: साधारण २,२४०.
२० कॉलेजं: साधारण २,९४०.

सोबत एमडीचे फॉर्म भरणार असाल तर त्याचं पोर्टल वेगळं आणि खर्चही वेगळा. उत्पन्न कमी असेल तर फी माफी आहे, पण ती फॉर्म सबमिट करायच्या आधी मागायची असते.

अजून एक खर्च कुणी आधी सांगत नाही, तो म्हणजे डिपॉझिट. प्रवेश मिळाला की जागा धरून ठेवायला डीओ कॉलेजं बऱ्याचदा हजार ते तीन हजार डॉलर मागतात आणि ते पैसे सहसा परत मिळत नाहीत. तेव्हा सगळी रक्कम अर्जांतच संपवू नका. एका डिपॉझिटचे पैसे बाजूला ठेवा आणि मगच उरलेल्यांत किती फॉर्म बसतात ते बघा.

पैशांपेक्षा महाग: तुमचे जुलै-ऑगस्ट

आकोमास मे महिन्यात उघडतं आणि बहुतेक कॉलेजं 'रोलिंग' पद्धतीने प्रवेश देतात. म्हणजे अर्ज येतील तसे बघायचे, इंटरव्ह्यू घ्यायचे, जागा भरत जायच्या. जो लवकर पूर्ण होतो त्याच्यासाठी जास्त जागा शिल्लक असतात.

आता हिशोब करा. २० सेकंडरी, प्रत्येकीत ३ निबंध, म्हणजे ६० निबंध. सेकंडरी आल्यापासून साधारण दोन आठवड्यांत परत गेली पाहिजे, असं सगळेच सांगतात. नोकरी किंवा रिसर्च सांभाळून हे होणार का? नाही झालं तर काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. निबंध कॉपी-पेस्ट होतात, 'हेच कॉलेज का' या प्रश्नाच्या उत्तरात दुसऱ्याच कॉलेजाचं नाव राहून जातं आणि अर्ज ऑक्टोबरपर्यंत लोंबकळतो. अशा २० अर्जांपेक्षा ऑगस्टमध्ये मनापासून पूर्ण केलेले १० अर्ज कधीही भारी.

यादी लहान कशी करायची?

माझ्या मते आधी आकडा ठरवायचा नाही. आधी सगळी कॉलेजं एका शीटमध्ये घ्या. 'चूज डीओ एक्सप्लोरर' हे मोफत साधन आहे, ते वापरा. मग पाच चाळण्या लावा.

एक, ते तुम्हाला घेऊ तरी शकतात का? काही सरकारी कॉलेजं आपल्याच राज्यातल्या मुलांना प्राधान्य देतात. टेक्सासमधल्या टीकॉममध्ये बहुतांश जागा टेक्सासच्या रहिवाशांसाठी असतात आणि तिथला अर्जही टेक्सासच्या वेगळ्या पोर्टलवरून जातो. ओहायो युनिव्हर्सिटीच्या डीओ कॉलेजाचा कल ओहायोकडे आहे. केंटकीतल्या पाइकव्हिलचं लक्ष अॅपलाचियाच्या डोंगराळ गावांवर असतं. तुमचं त्या भागाशी काही नातं नसेल तर ते ६० डॉलर वाचवा.

आपल्या लोकांसाठी इथे एक खास मुद्दा आहे, व्हिसा. एच-फोरवर इथेच वाढलेली, इथेच शाळा शिकलेली मुलं २१ वर्षांची झाली की तो दर्जा संपतो आणि बऱ्याच जणांना एफ-वन घ्यावा लागतो. मग कॉलेजाच्या लेखी तुम्ही आंतरराष्ट्रीय विद्यार्थी. अनेक डीओ कॉलेजं फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात. तुम्ही या गटात असाल तर ही चाळणी सगळ्यात आधी लावा. प्रत्येक कॉलेजाला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या.

दोन, तुमचे मार्क तिथे बसतात का? डीओ कॉलेजांत प्रवेश मिळालेल्यांचा एमकॅट सरासरी ५०४ च्या आसपास आणि जीपीए ३.६ च्या आसपास असतो. पण प्रत्येक कॉलेजाची सरासरी वेगळी. आणि 'नापास झालेला विषय पुन्हा दिला की जुना मार्क पुसला जातो' हे दादा-ताईंनी सांगितलेलं आता विसरा. ती सोय २०१७ मध्ये बंद झाली. आता सगळे प्रयत्न मोजले जातात.

तीन, त्यांच्या अटी. काही कॉलेजांना डीओ डॉक्टरचं शिफारसपत्र लागतं, काहींना कॅस्पर ही परीक्षा. पत्र नसेल तर ती कॉलेजं यादीतून काढा, नाहीतर आजच एखाद्या डीओ डॉक्टरकडे शॅडोइंग मागा.

चार, निकाल. कॉमलेक्सचे निकाल आणि रेसिडेन्सी किती जणांना मिळाली, हे कॉलेजांनी आपल्या वेबसाइटवर द्यायचं असतं. नवीन कॉलेजांची पहिली तुकडी अजून बाहेरच पडलेली नसते, त्यामुळे तिथे बघायला निकालच नसतो. म्हणून ती वाईट ठरत नाहीत, पण यादी फक्त नव्या कॉलेजांनी भरू नका. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कोणत्या हॉस्पिटलात पाठवतात, तेही विचारा.

पाच, कर्ज. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस कर्ज बंद. मेडिकलसाठी फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर. अनेक खासगी डीओ कॉलेजांची नुसती ट्यूशनच वर्षाला ५०,००० च्या वर जाते. राहणं-खाणं वेगळं. वरचे पैसे कुठून येणार, बँकेच्या कर्जाला सही कोण करणार, हे आई-बाबांशी फॉर्म भरायच्या आधी बोला. प्रवेश मिळाल्यावर नव्हे.

या पाचांतून जे उरेल त्यावर शेवटचा प्रश्न: "फक्त इथेच लागलं, तर मी जाईन का?" उत्तर 'नाही' असेल तर नाव खोडा. हातात आलेली एकुलती एक जागा सोडून पुढच्या वर्षी पुन्हा सगळं मांडायचं म्हणजे पैसे परत, वर्ष परत आणि वर "मागच्या वेळी का सोडलं?" या प्रश्नाला उत्तर द्यायची तयारी.

तर मग आकडा किती?

आमच्या श्रोतीला माझं उत्तर असं. मार्क डीओच्या सरासरीच्या आसपास, म्हणजे मधली स्थिती. अशा वेळी १० ते १२ डीओ कॉलेजं मला योग्य वाटतात. त्यात घरचं रोवन-वर्चुआ पहिलं. मग फिलाडेल्फियाचं पीकॉम, न्यूयॉर्कची टुरो आणि एनवायआयटी अशी घरापासून जवळची. उरलेली पाच चाळण्यांतून आलेली, थोडी दूरची. वाटलंच तर आपल्या राज्यातली दोन-तीन एमडी कॉलेजं. बाबांची भीती खोटी नाही आणि आईची काळजीही नाही. १० चा आकडा दोघांच्या मधला आहे म्हणून मी तो सांगत नाहीये. तिच्या मार्कांना आणि तिच्या ऑगस्टला तेवढंच झेपेल, म्हणून सांगतेय.

मार्क सरासरीच्या बरेच वर असतील आणि डीओचीच आवड असेल, तर ६ ते ८ सुद्धा चालतील. मार्क खाली असतील तर १५ पर्यंत जा, पण आधी स्वतःला विचारा, हे वर्ष थांबून एमकॅट पुन्हा द्यावा का? ३,००० डॉलर २० फॉर्मवर घालण्यापेक्षा ते वर्ष जास्त कामाला येऊ शकतं.

आणि एक युक्ती. सगळे फॉर्म एकदम भरायची गरज नाही. आकोमासमध्ये सबमिट केल्यावरही कॉलेजं वाढवता येतात. म्हणून आधी पक्की पाच-सहा टाका, तुमचे मार्क तपासून होऊ द्या आणि सेकंडरी लिहायचा वेग बघा. जमतंय असं दिसलं तर जुलैमध्ये पुढची चार-पाच जोडा. फक्त प्रत्येक कॉलेजाची शेवटची तारीख शीटमध्ये लिहून ठेवा.

तर मंडळी, आज रात्री फोन बाजूला ठेवायच्या आधी ती शीट उघडा आणि पहिली चाळणी तरी लावा. तुमचा आकडा किती निघाला आणि कोणत्या चाळणीत सगळ्यात जास्त नावं गळाली, ते व्हॉइस नोटने कळवा. पुढच्या भागात सेकंडरीच्या निबंधांवर बोलू. भेटूच!