स्वाती दक्षिणेला सरकते आहे

मेच्या मध्यावर रात्री अकराच्या सुमारास परभणीत गच्चीवर उताणं पडावं. जवळजवळ माथ्यावरच एक नारिंगी तारा दिसतो. ती स्वाती. सप्तर्षीतल्या अंगिरस, वसिष्ठ, मरीची या तिघांचा बाक तसाच पुढे न्यायचा. वाटेत लागणारा पहिला ठळक तारा तीच. आकाशाच्या उत्तर गोलार्धात हिच्याहून तेजस्वी तारा नाही.

स्वातीचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, असं माझी आजी सांगायची. मोती तसा होत नाही, पण मुलांना हे नाव त्या गोष्टीमुळेच ठाऊक असतं, म्हणून ती मीही सांगते. ग्रीकांनी हिला अस्वलाचा राखणदार म्हटलं, कारण सप्तर्षी हे त्यांच्या आकाशातलं अस्वल आणि स्वाती त्याच्या मागोमाग फिरते.

नारिंगी रंग म्हणजे तारा थंड. सूर्याचा पृष्ठभाग ५,५०० अंश सेल्सिअस, तर स्वातीचा सुमारे ४,०००. तरी ती सूर्याच्या १७० पट ऊर्जा बाहेर टाकते, कारण तिचा व्यास सूर्याच्या २५ पट, साडेतीन कोटी किलोमीटरच्या घरात. वस्तुमान मात्र जवळपास सूर्याएवढंच! मग तेवढंच द्रव्य इतकं फुगलं कसं, असं एखाद्या मुलीनं विचारलं की मला फार आनंद होतो. गाभ्यातला हायड्रोजन संपला, गाभा आकसून तापला, त्याच्याभोवतीच्या थरात हायड्रोजनचं ज्वलन जोरात सुरू झालं आणि बाहेरचे थर पसरत विरळ, थंड झाले. असा तारा म्हणजे राक्षसी तारा. सुमारे ५०० कोटी वर्षांनी आपला सूर्यही याच वाटेनं जाणार आहे.

स्वाती ३७ प्रकाशवर्षांवर आहे. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाचे दिवे तिच्या प्रकाशानं लावले गेले. तेव्हा हे अंतर ४० प्रकाशवर्षं मानत, म्हणजे तिथल्याच १८९३ च्या प्रदर्शनावेळी निघालेला प्रकाश आता पोचला, अशी ती कल्पना.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिची चाल. १७१८ साली एडमंड हॅलीनं प्राचीन ग्रीक नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा स्वाती, व्याध आणि रोहिणी जागच्या हललेल्या आढळल्या. अठराशे वर्षांत स्वाती पौर्णिमेच्या चंद्राच्या दोन व्यासांहून जास्त सरकली होती. तारे आकाशाला खिळलेले नाहीत, हे तेव्हा कळलं. सूर्याच्या तुलनेत तिचा वेग सेकंदाला १२० किलोमीटरच्या आसपास आहे.

तिचं हे सरकणं परभणीतही मोजता येतं. स्वाती ज्या अक्षांशावर बरोबर माथ्यावर येते, तो दरवर्षी अर्ध्या किलोमीटरहून थोडा जास्त दक्षिणेला जातो. त्यातला मोठा वाटा पृथ्वीच्या अक्षाच्या डुलण्याचा. ताऱ्याचा स्वतःचा वाटा साधारण साठ मीटरांचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती परभणीच्या ऐन माथ्यावरून जायची. आता तो मान मुंबईच्या अक्षांशाकडे गेला आहे.